नवतपात सावली गायब करायचा खेळ

मे महिन्यात, त्यातही नवतपात म्हणजे महिनाअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, विदर्भात पोरांना घरात कोंडावंच लागतं. पारा 45 ला टेकतो, कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं होतात. तरी वर्षातून एकदा भर दुपारी त्यांना थोडा वेळ आंगणात काढावं, असं माझं मत आहे. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. दिल्लीच्या पोरांना हे घरी बसून कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि सूर्य त्या रेषेपलीकडे कधी डोक्यावर येत नाही.

आधी तारीख बघा. मे महिन्यात सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून दक्षिणेकडच्या गावांचा नंबर आधी. चंद्रपूरला साधारण 20 मे, यवतमाळला 22, वर्धा-अमरावतीला 24-25, नागपूर-भंडाऱ्याला 26, गोंदियाला 28. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी डोळ्याला फरक कळत नाही. ठोक्याला बारा वाजता मात्र हे होत नाही. गोंदियात 12:06, नागपुरात 12:10, बुलढाण्यात 12:22 च्या आसपास होतं.

आदल्या संध्याकाळी आंगणातली सपाट जागा सारवून ठेवा. परातीत पाणी भरून ठेवलं की जागेचा उतार लगेच कळतो. फूटभर उंचीची सरळ काठी रोवा आणि गवंड्याकडचा ओळंबा लावून बघा. काठी तिरपी असली तर सगळा खेळ फसतो. शेजारी पाइपाचा तेवढाच तुकडा उभा करा.

साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी एकानेच बाहेर जायचं, डोक्याला दुपट्टा बांधून. सावलीच्या टोकाशी कोळशाने खूण करायची आणि परत ओसरीत यायचं. पहिली खूण काठीपासून जेमतेम दोन इंचांवर, पश्चिमेला पडेल. मग ती जवळ येत जाते. ठरल्या मिनिटाला सगळ्यांना बाहेर बोलवा: काठीला सावली नाही, पाइपाच्या तळाशी उन्हाचं गोल चकतं. थोड्या वेळाने सावली पूर्वेला फुटते. खुणा जोडल्या की आंगणात पूर्व-पश्चिम रेघ मिळते. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र आधीच दटावून सांगा.

नंतर कैरीचं पन्हं. त्याची कृती घरोघरी वेगळी, मी त्यात पडत नाही.

सकाळी टेंभरं (तेंदूची फळं) वेचायला न्यायचं असेल तर वावराच्या बांधावरच थांबा. या दिवसांत जंगलात वाघ-अस्वलाचा धोका असतो. विहिरीत पोहायला उतरायचं तर पट्टीचा पोहणारा माणूस सोबत हवाच.

रात्र राहिली. नऊनंतर बाजा आंगणात टाका आणि दिवे बंद करा. उत्तरेला उंचावर सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. आग्नेयेला नांगी वळवलेला विंचू वर येत असतो, त्याच्या मधला तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. चांदणं फार असेल तर एवढेच ठळक तारे दाखवा, बाकीचे अंधाऱ्या पंधरवड्यात.

मेमध्ये सावलीचा मुहूर्त हुकला तर जुलैत सूर्य परत दक्षिणेला जाताना पुन्हा डोक्यावर येतो, नागपूरला 17 च्या सुमारास. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.