अकॉर्डियनवर पहिली धून: आधी भाता, मग बोटं

पेटीवर थोडाफार हात बसलेला माणूस अकॉर्डियन गळ्यात घालतो तेव्हा उजव्या हाताची बोटं पाच मिनिटांत जागेवर पडतात, तरी धून काही वाजत नाही. घोडं अडतं ते भात्यापाशी. पेटीच्या आत हवा साठवणारा दुसरा भाता असतो, त्यामुळे बाहेरचा भाता क्षणभर थांबला तरी सूर टिकतो. अकॉर्डियनमध्ये अशी साठवण नाही. डावा हात थांबला की सूर तिथेच तुटतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस धुनेच्या वाटेला जाऊच नका.

बैठक आणि पट्टे

हात नसलेल्या, टणक खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. वाद्याचं वजन डाव्या मांडीवर येऊ द्या आणि वाजवायच्या पट्ट्यांच्या बाजूचं खालचं टोक उजव्या मांडीला आतून टेकवा. डाव्या खांद्याचा पट्टा उजव्यापेक्षा थोडा आखूड ठेवा, नाहीतर वाजवताना वाद्य उजवीकडे सरकत राहतं. डाव्या मनगटावरचा पट्टा बहुतेक वाद्यांत छोट्या चाकाने घट्ट-सैल होतो. हात वर-खाली सरकला पाहिजे, पण मनगट आणि पट्टा यांत पोकळी नको. पोकळी असली की भात्याची दिशा बदलताना हात आधी ती पोकळी ओलांडतो, मग भाता हलतो, आणि तेवढ्यात सूर गचका खातो. नवशिक्यांच्या निम्म्या गचक्यांचं मूळ या सैल पट्ट्यातच असतं.

सुरुवातीला ४८ बासचं, म्हणजे डाव्या हाताला ४८ बटणं असलेलं वाद्य पुरे. १२० बासचं साधारण १०-१२ किलो भरतं, आणि तेवढ्या ओझ्याखाली शिकताना खांदे आधी तक्रार करतात.

भाता

भात्याचे वरचे-खालचे बंद सोडा. डाव्या अंगठ्याजवळ हवेचं बटण असतं. ते दाबलं की आवाज न होता हवा आत-बाहेर जाते. एकही पट्टी किंवा बटण न दाबता भाता ताकदीने कधीही ओढू नका, सांधे आणि घड्या त्यानेच जातात.

आता रजिस्टरचा, म्हणजे आवाजाचा पोत बदलणाऱ्या खटक्यांपैकी, एकच ठिपका असलेला खटका निवडा. एक पट्टी दाबून ठेवा, ४ मात्रा भाता उघडा, ४ मात्रा मिटा. मात्रा म्हणजे एक सेकंद. भाता पंख्यासारखा उघडतो: वरून जास्त, खालून कमी. समांतर ओढू गेलात तर दंड लवकर दमतो. सूर सुरुवातीला मोठा आणि शेवटी मेल्यासारखा होत असेल, तर पहिल्याच मात्रेला तुम्ही जोर संपवताय. ४ जमल्या की ८ मात्रा करा. आणखी एक सवय मोडायची आहे: पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही. पट्टी फक्त झडप उघडते, आवाज भाता ठरवतो.

उजवा हात

पट्ट्या उभ्या असल्या तरी रचना पेटीचीच आहे. खर्ज हनुवटीकडे, तार जमिनीकडे. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच वरची, म्हणजे हनुवटीकडची पांढरी पट्टी ती पांढरी १. तिला सा माना. साधारण मधली पांढरी १ घ्या आणि अंगठा सा, मग ओळीने रे, ग, म, करंगळीवर प, अशी पाच बोटं ठेवा.

या पाच बोटांत जवळजवळ पूर्ण बसणारी धून म्हणजे बीथोव्हेनच्या १८२४ सालच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगीत. 'ऽरे' म्हणजे आधीचा सूर अर्धी मात्रा लांबवून उरलेल्या अर्धीत रे. नुसता 'ऽ' म्हणजे आधीचा सूर आणखी एक मात्रा. 'गम' म्हणजे एका मात्रेत दोन सूर.

१) ग ग म प | प म ग रे | सा सा रे ग | ग ऽरे रे ऽ

२) ग ग म प | प म ग रे | सा सा रे ग | रे ऽसा सा ऽ

३) रे रे ग सा | रे गम ग सा | रे गम ग रे | सा रे प ऽ

४) दुसरी ओळ पुन्हा.

तिसऱ्या ओळीतला शेवटचा प मुळात मंद्रातला आहे. तूर्त करंगळीवरचाच वाजवा, अंगठा वर सरकवून खालचा प घेणं नंतर येईल.

प्रत्येक ओळीच्या पहिल्या ८ मात्रा भाता उघडत, पुढच्या ८ मिटत. म्हणजे पहिल्या ओळीत वळण 'रे' आणि 'सा' यांच्या मधे येतं. रे संपला, बोट उचललं, भाता वळला, सा दाबला: हा क्रम आधी अगदी सावकाश, नुसत्या त्या दोन सुरांवर वीसेक वेळा करा. सूर दाबलेला असतानाच भाता वळवलात तर उचकी लागल्यासारखा आवाज येतो. भाता मधेच संपत असेल तर आवाज कमी ठेवा, ओळ तोडू नका.

डावा हात

हा हात दिसत नाही, वाकून पाहायचा प्रयत्नही नको. बासच्या बटणांपैकी एकावर खळगा किंवा चमकता खडा असतो, तो सा. त्यावर अनामिका. त्याच तिरक्या ओळीत, भात्यापासून दूर जाताना लागणारं शेजारचं बटण सा-चा मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सा-ग-प, त्यावर मधलं बोट. उजव्या हाताने सा-ग-प एकत्र दाबून पाहा. दोन्ही जुळले तर जागा बरोबर. हनुवटीकडे एक बटण सरकलं की प-ची तीच जोडी मिळते. अख्खा कॉर्ड एका बटणावर ही कल्पना या वाद्याइतकीच जुनी: सिरिल डेमियान यांनी व्हिएन्नात १८२९ साली पेटंट घेतलेलं वाद्य असंच होतं आणि नावही त्यावरूनच पडलं.

ठेका बास-कॉर्ड-बास-कॉर्ड, दर मात्रेला एक. पहिल्या ओळीचे चार भाग: सा, प, सा, प. दुसरी आणि चौथी: सा, प, सा, आणि शेवटच्या भागात दोन मात्रा प, दोन सा. तिसऱ्या ओळीत कॉर्ड सोडा, प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेला फक्त प-चा बास द्या. कॉर्ड तापलेल्या तव्याला हात लागल्यासारखा चटकन सोडायचा. दाबून ठेवला तर तो धून गिळतो आणि हवाही खातो.

दोन्ही हात एकत्र आणताना लय निम्मी करा. रोज २० मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसत्या भात्याची.

वाजवून झालं की हवेचं बटण दाबून भाता मिटा, बंद लावा, पट्ट्यांवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वाद्य ओल्या भिंतीला टेकवू नका, पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दमट हवेने आतल्या, सूर देणाऱ्या पोलादी पट्ट्या (रीड) गंजतात, चामड्याच्या झडपा वाकतात, आणि मग एखादा सूर उघडताना लागतो, मिटताना लागत नाही.