व्हँ जोन: ज्यूराच्या पिवळ्या वाइनला बिघडलेली समजू नका, आणि आणखी काही चुका टाळा

माझी पहिली बाटली मी जवळजवळ परत करून आलो होतो. बूच काढल्याबरोबर अक्रोडाचा आणि चिरून तासभर उघड्या राहिलेल्या सफरचंदाचा वास आला. हवा लागून वाइन गेली, असं ठरवून मी बाटली घेऊन दुकानाकडे निघालो. जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. त्यांनी बाटलीला नाक लावलं आणि म्हणाल्या, "दुकानात कशाला नेतोस? नको असेल तर मला दे!"

हा वास म्हणजेच व्हँ जोन. पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्यूरा आहे. तिथल्या सावान्यँ जातीच्या द्राक्षांची वाइन ओकच्या पिंपात भरतात आणि मग वर्षानुवर्षं तिला हात लावत नाहीत. एरवी पिंपातली वाइन उडून कमी झाली की वरून भर घालतात. इथे मुद्दाम घालत नाहीत. रिकाम्या जागेत वाइनवर यीस्टचा पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. वाइन निदान सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत मुरते, त्यातली निदान पाच वर्षं या सायीखाली. त्यात सोटोलॉन नावाचं द्रव्य तयार होतं. आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या मेथीदाण्यांचा वासही मुख्यतः त्याचाच. म्हणून मराठी नाकाला ही वाइन खरं तर लवकर पटायला हवी.

बाटली 620 मिलीलीटरची बघून दुकानदाराशी वाद घालू नका. तिला क्लावलँ म्हणतात. पिंपात घातलेल्या एका लीटरमागे शेवटी साधारण एवढीच वाइन उरते.

पिवळी म्हणजे गोड, हा दुसरा घोळ. व्हँ जोन ठार कोरडी असते. गोड हवी असेल तर त्याच भागातली, वाळवलेल्या द्राक्षांची व्हँ द पाय घ्या. ती छोट्या बाटलीत मिळते. लेबलवर 'सावान्यँ' आणि 'उइये' असं दिसलं, तर ती भर घालून ताजी ठेवलेली वाइन आहे. चांगली असते, पण ती ही नव्हे. उलट 'शातो-शालों' (ज्यूरातलं एक गाव) लिहिलेल्या बाटलीवर 'व्हँ जोन' हे शब्द नसले तरी आत तीच असते, कारण त्या नावाने दुसरं काही विकताच येत नाही. तिथले उत्पादक इतके काटेकोर की 1974, 1980, 1984 आणि 2001 या सालांची शातो-शालों निघालीच नाही.

फ्रीजमधून काढून थेट ओतू नका. थंडगार व्हँ जोनला फक्त आंबटपणा उरतो, वास मिटून जातो. 14 ते 16 अंश बरे. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली खोलीत ठेवली तर उलटी गत, मग थोडा वेळ फ्रीज लागतोच. जेवणाच्या निदान दोन-तीन तास आधी बूच काढून ठेवा. पेला मात्र अर्ध्याच्याही खाली भरा. 14-15 टक्के अल्कोहोल आहे.

खाण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिखट. एवढं अल्कोहोल मिरचीवर पडलं की जीभ पेटते. कोल्हापुरी रश्श्याबरोबर हिला अजिबात बसवू नका. नारळाच्या दुधातली, हळद-धण्याची सौम्य कोंबडी चालते, छान चालते. ज्यूरात मात्र पहिला मान कोंते चीजचा, आणि तेही दीड-दोन वर्षं मुरलेल्या. त्याचा एक तुकडा, दोन अक्रोड, एक घोट. तेवढ्यासाठीच मी ही बाटली घेतो.

दुसरा मान गुच्छी अळंबी आणि साय घातलेल्या कोंबडीचा. ती करताना मी एकदा अर्धी बाटली पातेल्यात ओतून तासभर उकळली. वास गेला, आंबटपणा तेवढा राहिला, आणि पैशांचा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही. शिजवायला साधी सावान्यँ वापरा, गॅस बंद करताना व्हँ जोनचे दोन-तीन चमचे वरून घाला.

उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी टाकून देऊ नका. जी वाइन सहा वर्षं हवेशी जुळवून घेत आली, तिला आणखी काही आठवडे जड जात नाहीत. बूच लावून थंड जागी उभी ठेवा. माझी सध्याची तिसऱ्या आठवड्यात आहे, आणि कोंते आधी संपलंय.