केएमएल फाईल कोडनं वाचताय? मग या चुका टाळा, आमच्या पोरांचे पाय वाचतील

आमच्या यवतमाळकडं आता ज्याच्या हाती लॅपटॉप तो पायथन शिकतोय. चांगलंच आहे, पण महिन्यातून तीन-चार पोरं तरी मला तोच स्क्रीनशॉट पाठवतात, भाऊ फाइंडनं नन येतंय (म्हणजे शोधलं तर काहीच सापडत नाही), भाऊ नाव ब्लँक येतंय, आणि मी विचारलं की बाबू फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली का, तर उत्तर ठरलेलं, नाही, व्हिडिओत तसं काही केलं नव्हतं.

माझं काम वावरांच्या सीमांचं. पोरं मोबाईल घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरतात, अॅपमधून केएमएल, म्हणजे नकाशावरच्या जागांची फाईल, निघते, त्यातून मी नाव, गट नंबर, क्षेत्र काढून शेततळ्यांची यादी करतो. केएमएल म्हणजे काही वेगळं प्रकरण नाही, एक्सएमएलच आहे, म्हणजे टॅग लावून एकात एक बसवलेले डबे, अशा एका डब्याला एलिमेंट म्हणतात, डॉक्युमेंटच्या पोटात फोल्डर, फोल्डरच्या पोटात प्लेसमार्क, एक प्लेसमार्क म्हणजे एक वावर.

एलिमेंटला नुसतं इफ लावणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती दुसऱ्यांना भोवली, म्हणून हिच्यावर माझा विशेष राग.

मे महिना होता, जेसीबीवाला रोज फोन करत होता, पाऊस लागायच्या आत खोदकाम उरकायचं होतं. दोन गावांची मिळून दीडशेच्या वर वावरं. मी एलिमेंटट्री, म्हणजे पायथनमधली एक्सएमएल वाचायची लायब्ररी, वापरून रात्री घाईत स्क्रिप्ट लिहिली, प्लेसमार्कमधून नेम शोध, इफ नाव असेल तर त्याचा टेक्स्ट घे, नाहीतर 'नाव नाही' लिही. चालवली तर सगळ्या यादीत वरून खालपर्यंत 'नाव नाही'. मी पोरांना झापलं. ते बिचारे म्हणत होते, "भाऊ, आमी तं सगळ्याइचे नावं टाकले होते." मी म्हटलं अॅपमध्ये सेव्ह नसेल केलं, जा पुन्हा. दोन दिवस उन्हात त्यांनी तीच वावरं परत मोजली, एकाला तर ऊन लागलं, आणि नवीन फाईल टाकली तर परत सगळीकडं 'नाव नाही'.

तेव्हा कुठं मी फाईल नोटपॅडमध्ये उघडली. नावं होती की. पहिल्या फाईलमध्येही होती.

झालं असं की एलिमेंटट्रीमध्ये एलिमेंटला इफ लावलं की तो एलिमेंट आहे का नाही हे तपासत नाही, त्याच्या पोटात लेकरं आहेत का हे तपासतो. नेमच्या पोटात फक्त मजकूर असतो, लेकरू एकही नाही, म्हणून एलिमेंट डोळ्यांसमोर असून इफ म्हणतो खोटं. लिहायचं असतं 'इज नॉट नन'. पायथन 3.12 पासून यावर डेप्रिकेशनचा, म्हणजे 'ही पद्धत आता सोडा' असा, इशाराही येतो, पण पिवळी ओळ दिसली की वाचायची नाही असा आपल्याकडं नियमच आहे. मी आता साध्या मजकुरासाठी फाइंडटेक्स्ट वापरतो आणि त्यालाच डिफॉल्ट देऊन टाकतो, इफची भानगडच नको. आणि यादीत एकच गोष्ट सगळीकडं रिकामी आली तर आधी स्वतःच्या कोडवर संशय घेतो, पोरांवर नंतर.

नेमस्पेस न पाहणे

'फाइंडनं नन येतंय'वाले दहातले नऊ इथले गिऱ्हाईक. फाईलच्या वरच्या ओळीत एक्सएमएलएनएस म्हणून जो पत्ता दिसतो तो वेबसाईट नाही, ब्राउझरमध्ये टाकायचा नाही, ते फक्त आडनाव आहे, यालाच नेमस्पेस म्हणतात. ते लागलं की आतल्या प्रत्येक एलिमेंटचं पूर्ण नाव आडनावासकट होतं आणि तुम्ही नुसतं 'प्लेसमार्क' म्हणून हाक मारली की ओ देत नाही. गावात 'गजानन' म्हणून हाक मारून पाहा, कोणता गजानन?

बरं, आडनाव एकच असतं तरी सोपं होतं. केएमएल 2008 साली ओजीसीचं, म्हणजे नकाशाच्या डेटाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्ड झालं, तेव्हापासून पत्ता ओपनजीआयएस डॉट नेटचा आहे, पण जुन्या फायलींत अर्थ डॉट गूगल डॉट कॉमवाला सापडतो. म्हणजे पत्ता कोडमध्ये ठोकून बसवला की कोणाची तरी जुनी फाईल येते आणि यादी शून्य. पायथन 3.8 पासून महिरपी कंसात नुसती चांदणी टाकून पुढं नाव लिहिता येतं, म्हणजे आडनाव कोणतंही चालेल, मी तेच करतो.

पण शॉर्टकट काय चालतो, तर फाईल स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून वाचायची आणि रिप्लेसनं सगळे एक्सएमएलएनएस उडवायचे. फाईलमध्ये जीएक्सवाले, म्हणजे गूगलनं स्वतःचे जोडलेले, टॅग असले की लगेच 'अनबाउंड प्रीफिक्स' म्हणून एरर, आणि नसले तरी तीच फाईल परत सेव्ह करून अॅपला दिली की अॅप ओळखेलच असं नाही. रेजेक्सनं (मजकुरातले नमुने शोधून) टॅग कापणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

सेव्ह करताना सगळीकडं 'एनएस झिरो' चिकटलेलं दिसलं तर घाबरू नका, लिहायच्या आधी रजिस्टर-नेमस्पेस करून प्रीफिक्स रिकामा द्या.

अॅट्रिब्यूट आणि एलिमेंट यांची सरमिसळ

प्लेसमार्कच्या आत नेम नावाचा एलिमेंट असतो, त्यात शेतकऱ्याचं नाव. आणि खाली एक्स्टेंडेड डेटामध्ये जे 'डेटा' एलिमेंट असतात त्यांना नेम नावाचा अॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेली माहिती, असतो, त्यात 'गट नंबर' असं लिहिलेलं, आणि खरा आकडा त्याच्या पोटातल्या व्हॅल्यू एलिमेंटमध्ये. कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, मार्करनं 'तूर' लिहिलंय तो अॅट्रिब्यूट, आतली तूर म्हणजे व्हॅल्यू, कट्ट्यावरचं वाचून तूर मोजली असं होत नाही ना. काही सॉफ्टवेअर 'सिंपलडेटा' लिहितात, त्यात व्हॅल्यूच नसते, मजकूर थेट आत.

अॅट्रिब्यूट चौकोनी कंसानं मागू नका, एका वावराला नसला की की-एरर येऊन सगळं थांबतं. गेट वापरा. आणि जे येतं ते नेहमी स्ट्रिंग असतं, '112/1'ला इंटिजर करायला जाल तर पडाल, आणि व्हिजिबिलिटीचा (नकाशावर दाखवायचं का नाही याचा) '0' इफमध्ये टाकला तर तो खराच निघतो कारण ते अक्षर आहे, आकडा नाही.

बाकीच्या किरकोळ:

फॉर लूप चालू असताना त्याच यादीतून रिमूव्ह करू नका, एकाआड एक शिल्लक राहतात. आधी लिस्टमध्ये कॉपी घ्या.

केएमझेड ही केएमएलची झिप आहे, ती सरळ पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या कोडला, दिली की 'नॉट वेल-फॉर्म्ड' येणारच.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरात फरक आहे. आहे म्हणजे आहे.

मराठी नावांच्या जागी अँड-हॅश-2350 असलं काही दिसलं तर फाईल बिघडलेली नाही, 2350 म्हणजे 'म'च आहे. राइट करताना एन्कोडिंग दिलं नाही की एलिमेंटट्री साध्या आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांत, लिहितो. यूटीएफ-8 द्या, डिक्लेरेशनसकट. नावात अँडचं चिन्ह असेल आणि तुम्ही हातानं स्ट्रिंगा जोडून एक्सएमएल बनवत असाल तर भोगा.

शेवटची कोऑर्डिनेट्सची. त्या एलिमेंटच्या मजकुरात आधी रेखांश, मग अक्षांश, मग उंची असते, आणि सगळ्यांना सवय उलटी. एका नवीन पोरानं उलटं वाचून नकाशा केला आणि थेट शेतकऱ्याला मोबाईलवर दाखवला. आमचं यवतमाळ 20 उत्तर, 78 पूर्व, ते उलटलं की 78 उत्तर, 20 पूर्व, म्हणजे नॉर्वेचं स्वालबार्ड. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काहून रे बाबू, इथी तं बरफ हाय, मायं वावर कुठी गेलं?" तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ ही आहे की पहिला आकडा 77 ते 79 आणि दुसरा 19 ते 20च्या घरात नसला तर तिथंच थांब आणि त्या वावराचं नाव छाप.