होम सर्व्हर आणि फायरवॉल लॉग : डॅशबोर्ड सर्वांत शेवटी

घरच्या सर्व्हरचे आणि फायरवॉलचे (नेटवर्कच्या दारावर येणारी-जाणारी पॅकेट अडवणाऱ्या यंत्राचे) लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, एका जागी गोळा करून बघायच्या असतील, तर सुरुवात कागदावर करा. नेटवर्कवर कोणती मशीन आहेत, प्रत्येकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणता, कोणती सेवा कुठल्या पोर्टवर (मशीनच्या क्रमांकित दारावर) ऐकते, हे सगळं लिहून काढा. सर्व्हर, फायरवॉल, प्रिंटर, कॅमेरे यांना डीएचसीपीमध्ये (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेत) कायमचे पत्ते बांधून द्या. नाहीतर महिन्याभराने लॉगमधला १९२.१६८.१.२३ नक्की कोण होता, हे शोधायला काही आधारच उरत नाही. पोर्ट लिहिताना एक टक्कर लगेच दिसेल. कॉकपिट (सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळण्याचं साधन) आणि प्रोमिथियस (मशीनची आकडेवारी गोळा करणारं साधन) दोघांचाही मूळ पोर्ट ९०९० आहे, तेव्हा एकाला आधीच हलवा.

मग घड्याळं. प्रत्येक मशीनवर क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू हवं आणि टाइमझोन सगळीकडे एकच हवा. सिसलॉग म्हणजे लॉग नेटवर्कवरून पाठवण्याची पद्धत. तिच्या जुन्या आरएफसी ३१६४ मानकाच्या संदेशात वर्षही नसतं आणि टाइमझोनही नसतो. त्यामुळे फायरवॉल यूटीसीवर आणि सर्व्हर स्थानिक वेळेवर असला, तर एकाच घटनेच्या दोन नोंदी काही तासांच्या अंतराने दिसतात आणि त्यांचा मेळ लागत नाही. सोय असेल तिथे नवं मानक आरएफसी ५४२४ निवडा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, म्हणून वीज जाऊन आल्यावर पहिल्या काही नोंदींच्या वेळेवर विसंबू नका. त्याच बोर्डाच्या एसडी कार्डावर लॉगही लिहू नका, सततच्या लेखनाने ते झिजतं. एसएसडी जोडा.

जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ५ ओळी आणि ओळीमागे २५० बाइट धरले, तर दिवसाला ४,३२,००० ओळी, म्हणजे सुमारे १०८ एमबी. ९० दिवसांचे जवळपास १० जीबी. लॉगसाठी वेगळं पार्टिशन ठेवा, म्हणजे कुणी रात्रभर पोर्ट स्कॅन केला तरी मूळ डिस्क भरून सर्व्हर आडवा होणार नाही.

साधन मशीनची मेमरी पाहून निवडा. ग्रेलॉग या लॉग साठवून शोधण्याच्या साधनाला सोबत मोंगोडीबी (डेटाबेस) आणि ओपनसर्च (शोधयंत्र) लागतं. शोध उत्तम होतो, पण ४ जीबीच्या मशीनवर ते लादू नये. तिथे आरसिसलॉग (सिसलॉग संदेश घेणारा प्रोग्राम), लोकी (लॉगचं कोठार) आणि ग्राफाना (ते पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड) पुरे. लोकीकडे नोंदी पोचवायला प्रॉमटेल या जुन्या साधनाऐवजी आता ग्राफाना अलॉय वापरा. लोकीत दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघा. एक, जुने लॉग पुसणं मुळात बंद असतं. कॉम्पॅक्टर या लोकीच्या भागात रिटेन्शन (जुनं पुसण्याची सोय) चालू करून मुदतही द्यावी लागते, नुसती मुदत लिहून काहीच पुसलं जात नाही. दोन, येणारा आयपी लेबल (नोंदींचे गट पाडणारी खूण) म्हणून कधीही लावू नका. प्रत्येक नव्या पत्त्यामागे नवी स्ट्रीम (नोंदींचा वेगळा गट) उघडते आणि इंटरनेटवरून धडका देणारे पत्ते हजारोंनी असतात, तेव्हा मेमरी संपते. लेबल मशीनचं नाव आणि इंटरफेस एवढंच असू द्या. आयपी ओळीतच राहू द्या, क्वेरी करताना वेगळा काढता येतो.

फायरवॉलच्या नियमांकडे वळण्याआधी परतीची वाट तयार ठेवा. दुरून काम करत असाल, तर जुने नियम फाइलमध्ये साठवा आणि ५ मिनिटांनी ते आपोआप परत लागतील असा टायमर लावा. नवे नियम लावल्यावर दुसऱ्या टर्मिनलमधून एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत येता आलं, तरच टायमर रद्द करा. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) लॉगचा नियम ड्रॉपच्या, म्हणजे पॅकेट टाकून देण्याच्या नियमाच्या, वर हवा. खाली लिहिला तर पॅकेट तिथवर पोचतच नाही आणि लॉग कायम रिकामा दिसतो. त्याला वेगाची मर्यादाही घाला. यूएफडब्ल्यू (फायरवॉलचे नियम सोपे करणारं साधन) मूळ सेटिंगमध्ये अशी मर्यादा स्वतःच लावतं, म्हणून त्याच्या लॉगमधल्या ओळी मोजून हल्ल्याचा आकडा काढू नका.

डॉकरकडे (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाकडे) विशेष लक्ष द्या, कारण इथे फसगत शांतपणे होते. कंटेनरचा पोर्ट बाहेर काढला की त्याचं पॅकेट फॉरवर्डच्या (पुढे पाठवण्याच्या) वाटेने जातं, तर यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम इनपुटवर (मशीनमध्येच येण्याच्या वाटेवर) बसलेले असतात. म्हणजे पोर्ट बंद केल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात उघडा असतो आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही नसतो. पोर्ट १२७.०.०.१ ला (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्याला) बांधा किंवा नियम डॉकर-युझर (DOCKER-USER) या नियमांच्या साखळीत लिहा.

फेल२बॅन (चुकीचे लॉगिन वारंवार करणारे पत्ते अडवणारं साधन) लावणार असाल तर ते कुठला लॉग वाचतंय हे तपासा. डेबियन १२ या लिनक्समध्ये आरसिसलॉग मुळात नसतं, त्यामुळे लॉगिनच्या नोंदींची जुनी फाइलच तयार होत नाही. फेल२बॅनचा बॅकएंड (नोंदी वाचण्याचा स्रोत) सिस्टिमडी ठेवा आणि स्वतःचं नेटवर्क वगळण्याच्या यादीत घाला.

आता चाचणी. लॉगर कमांडने फायरवॉलवरून एक ओळ पाठवा आणि ती ग्राफानात दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मग मोबाइल डेटावरून बंद पोर्टवर धडक द्या. सिसलॉग यूडीपी ५१४ वरून जात असेल तर हरवलेल्या ओळीची खबर कुणालाच मिळत नाही. टीसीपी शक्य असेल तर तेच घ्या. नंतर आठवडाभर नुसतं बघा. घरातलं कोणतं यंत्र रोज कुठे बोलतं हे कळल्याशिवाय ठरवलेले इशारे रात्री-बेरात्री उगाच वाजतात आणि मग माणूस ते बंदच करून टाकतो.

इशाऱ्यांमधला पहिला मात्र चाचणीच्याच दिवशी लावा : फायरवॉलकडून १५ मिनिटांत एकही ओळ आली नाही, तर फोनवर कळवा.