शाळेत आभाळातल्या विजेपासून बचाव शिकवताय? मग या चुका टाळा

मराठवाडा-विदर्भातल्या बऱ्याच शाळांत आपत्ती व्यवस्थापन म्हणजे ठरलेलं, 13 ऑक्टोबरचा आपत्ती निवारण दिन आला की फलक, प्रभातफेरी, बेंचखाली लपायचं भूकंपाचं मॉक ड्रिल, फोटो ग्रुपवर आणि विषय संपला. ड्रिल जरूर घ्या, पण किल्लारीचा भूकंपसुद्धा पहाटे चारच्या सुमारास झाला होता, तेव्हा कुठला बेंच न कुठलं काय!

आणि विजेचा धोका ऑक्टोबरची वाट बघत नाही. वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये, त्यातही दुपारनंतर, आणि तेव्हा पोरं सुट्टीत शेळ्यांमागे रानात असतात, म्हणून हा तास मार्चमध्येच घ्या, परतीच्या पावसाआधी एकदा उजळणी.

"झाडाखाली थांबू नका" एवढं सांगून थांबू नका, पोरगं विचारणारच ना मग जाऊ कुठं? प्रत्येकाला आपल्या शेतापासून जवळचं पक्कं घर कुठलं ते वहीत काढायला लावा. पत्र्याचं उघडं शेड, मंदिराचा ओटा चालत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत आला तर लगेच आत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. इथे गंमत अशी की पोरं घाईत 30 आकडे दहा-बारा सेकंदांतच संपवतात, मग घड्याळासमोर "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायची सवय लावा.

सगळी भिस्त विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपवर ठेवू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं ॲप चांगलंच आहे, पण रानात रेंज नसते आणि पोरांकडे फोन नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गैरसमजाबद्दल बोलायचंच टाळणं. वीज पडलेल्या माणसाला हात लावला की आपल्यालाही शॉक बसतो असं अजूनही मानतात, कुठेकुठे तर त्याला शेणात पुरतात. अहो, अंगात करंट राहत नाही! श्वास बंद असेल तर 108 ला फोन करून लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मोठ्या वर्गाकडून हे भरलेल्या गोणीवर करून घ्या.

पालक म्हणतात वेळ नाही, तरी पालकसभेत एक गोष्ट ठरवूनच घ्या. गुरं झाडाखाली बांधलेली असतात आणि आभाळ भरून आलं की ती सोडायला पोरांनाच पिटाळतात, तर ढग दिसायला लागले की मोठ्यांनीच वेळेत गुरं आणायची.