ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरचा हूक कसा निवडावा

गळीत हंगाम तोंडावर आला की माढा, मोहोळ, माळशिरसकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत ट्रॉल्या उभ्या राहतात. टायर, पाटे, पत्रा, रिफ्लेक्टर सगळं तपासलं जातं. हुकाची पाळी आली की प्रश्न एकच: "जाड आहे ना?" जाडी हवीच. पण चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो, तो हूक बारीक असतो म्हणून नव्हे. हूक नको तितक्या उंचीवर असतो, नाहीतर त्याच्यावर नको तितका भार असतो. म्हणून निवड तिथून सुरू करा.

आधी ट्रॉली कोणती ते बघा

चार चाकी, पुढे टर्न टेबल (पुढची चाकं वळवणारी फिरती चकती) असलेल्या ट्रॉलीचं ओझं तिच्याच चाकांवर असतं. हुकाला फक्त ओढायचं काम. तिथे दणकट पिन आणि खाली-वर मोकळी हलणारी दांडी (ट्रॉली ओढायचा पुढचा दांडा) असली की भागतं. दोन चाकी ट्रॉलीचं तसं नाही. तिच्या मालाचा काही भाग थेट ट्रॅक्टरच्या हुकावर बसतो, आणि खरी काळजी इथेच घ्यावी लागते.

भार काट्यावर मोजा

अंदाजाची गरज नाही, वजनकाटा कारखान्यात आहेच. गर्दी नसताना काटेवाल्याला विचारून एवढं करा. आधी एकट्या ट्रॅक्टरचं वजन घ्या. समजा ते २,१०० किलो आलं. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर असा उभा करा की त्याची चारही चाकं काट्यावर आणि ट्रॉलीची चाकं बाहेर, सपाट जागेवर. आता आकडा २,७०० आला, तर हुकावर ६०० किलो बसलेत. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत हुकावर किती उभा भार चालतो ते दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा.

लगेच आणखी एक वजन घ्या: फक्त पुढची दोन चाकं काट्यावर. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढे राहिला पाहिजे, म्हणजे आपल्या उदाहरणात ४२० किलो. त्याहून कमी असेल तर स्टिअरिंग हलकं लागेल आणि वळणावर गाडी ऐकणार नाही. अशा वेळी पुढे वजनं लावा किंवा मोळ्या थोड्या मागे सरकवून रचा. फार मागेही नको. दांडी वर उचलू लागली तर मागच्या चाकांची पकड जाते.

उंची

ट्रॉली सपाट जमिनीवर, टायरमध्ये पूर्ण हवा भरून, ट्रॉलीचा तळ अगदी आडवा राहील अशी टेकवा. जमिनीपासून दांडीच्या टोकाला असलेल्या, हुकात अडकणाऱ्या कडीच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. ट्रॅक्टरचा हूक त्याच उंचीला यायला हवा. म्हणून खाली-वर सरकवता येणारा, भोकांच्या उभ्या पट्टीचा हूक घेणं शहाणपणाचं. ट्रॉली बदलली तरी चालतो.

हूक मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेच्या खालीच हवा. जितका वर, तितकं पुढचं तोंड हलकं होणार. आपल्याकडच्या काळ्या रानात, वाफसा नसताना ट्रॉली रुतली की कोणीतरी साखळी टॉप लिंकच्या (औजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी बांधायला सांगतोच. त्याचं ऐकू नका. तिथून ओढलं तर क्लचवर पाय जायच्या आत ट्रॅक्टर मागे उलटतो.

प्रकार कोणता

दोन कानांमध्ये कडी आणि वरून पिन, हा साधा हूक ऊसवाहतुकीला पुरतो आणि गावातच दुरुस्त होतो. जबडा मिटून आपोआप लॉक होणारा हूक महाग असतो. दिवसाला बऱ्याच वेळा ट्रॉली सोडत-जोडत असाल तरच त्याचा उपयोग. हायड्रॉलिकच्या दोन हातांमध्ये बसणारी भोकांची पट्टी औजारांसाठी असते, भरलेल्या ट्रॉलीसाठी नव्हे. जीपमागच्या बॉलच्या हुकाचा तर विषयच नको.

कडी मात्र फिरती घ्या. बांध ओलांडताना किंवा कालव्याच्या भरावावर चढताना ट्रॅक्टर एकीकडे कलतो, ट्रॉली दुसरीकडे. कडी जागच्या जागी फिरत नसेल तर तो पीळ दांडीला आणि हुकाच्या कानांना बसतो, आणि तडा बहुतेक वेल्डिंगच्या कडेलाच जातो.

हुकावर क्षमता कोरलेली असेल तर ती ट्रॉलीच्या आरसी बुकातल्या एकूण वजनापेक्षा जास्त आहे ना ते बघा. मागे दुसरी ट्रॉली लावणार असाल तर दोन्हींची बेरीज धरा. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकालाही दुसरीची सगळी ओढ बसते. तो नुसत्या पत्र्याला जोडलेला असेल तर काढा आणि चॅसीच्या आडव्या चॅनलला बसवून घ्या.

बसवताना

अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगवर थेट वेल्डिंग करू देऊ नका. ते बिडाचं असतं, तडकतं. कंपनीने दिलेल्या भोकांतच बोल्ट लावा आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा आहे का ते बघा. कोरं डोकं असेल तर दुकानदाराला परत द्या.

पिन भोकात सैल खुळखुळणारी नको. तुटलेली सळई किंवा जुना बोल्ट पिन म्हणून वापरू नका. पिनच्या खाली क्लिप हवीच, नाहीतर खड्ड्यात उसळून पिन वर येते. हंगामात अधूनमधून पिन काढून बोट फिरवा. खाच लागली तर ती बदलायची. हुकाशिवाय दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या, वळायला पुरेल एवढ्या ढिल्या ठेवून अडकवा. पिन निसटली तरी दांडी त्यांवर टेकते, रस्त्यात रुतत नाही.

पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या बसवणीत रंगाचा थर दबतो आणि पान्याला अर्धा आटा तरी ढिला सापडतो.