रिफिल बदललं, डास तेच: या चुका टाळा

‘आमच्याकडचे डास आता लिक्विडला जुमानत नाहीत’ हे पावसाळ्यात प्रत्येक जिन्यात ऐकू येतं. तक्रार खोटी नाही. चूक होते ती त्यानंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसती कंपनी बदलणं. डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ॲलेथ्रिन, सायपरमेथ्रिन... शेवटी ‘थ्रिन’ आलं की कुळ एकच, पायरेथ्रॉइड. लिक्विड, कॉइल, स्प्रे, अगदी औषधी मच्छरदाणीसुद्धा बहुतेक वेळा याच कुळातली. हे औषध डासाच्या मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडीच अडकवून ठेवतं, म्हणून डास तडफडून पडतो. काही डासांत या दाराची घडण जन्मतःच जराशी वेगळी असते, तिथे औषध नीट पकड घेत नाही. काही डास तर ते शरीरातच मोडून निकामी करतात. डीडीटीचा मारा याच दारावर असतो. आपल्याकडे १९५३ साली मलेरियाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि डीडीटीची फवारणी देशभर पोचली. म्हणजे घरोघरी लिक्विड यायच्या कितीतरी आधी वेगळ्या दाराच्या डासांची ही निवड सुरू झाली होती.

निवडच म्हणायचं, सवय नव्हे. दोन-चार आठवडे जगणाऱ्या डासाला कसली सवय लागणार? कच्चे मरतात, पक्के उरतात, पुढची अंडी उरलेल्यांचीच. एकाच्या जागी दोन मशीन लावून हे थांबत नाही, वर ती वाफ नि वास पोरांच्या छातीत जातो तो वेगळाच.

पण प्रत्येक वेळी दोष प्रतिकारशक्तीचाच असतो असंही नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. आपण मशीन लावतो रात्री झोपताना! दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला डीटचं मलम अधिक कामाचं. ते डासाला मारत नाही, लांब ठेवतं.

फॉगिंगची गाडी मागवणं ही सोसायट्यांची आवडती चूक. धुराचे कण अंगाला लागले तर उडणारा डास मरतो, पाण्यातल्या अळीला काहीच होत नाही. आणि एडिस बसलेला असतो आत, पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात. रस्त्यावरचा धूर तिथवर पोचत नाही.

ड्रम नुसता ओतून रिकामा करणंही अर्धवटच. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आतून काथ्याने खसाखसा घासायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातला एक ‘कोरडा दिवस’ चुकवून चालत नाही. अळीनाशक अंदाजपंचे ओतू नका. टेमेफॉस या अळीनाशकालाही दाद न देणारे डास जगात अनेक ठिकाणी सापडले आहेत.

मुंबईकरांनी गच्चीवरची टाकी आधी बघावी. शहरी मलेरियाचा ॲनोफिलिस स्टेफेन्सी गटारात नव्हे, अशा स्वच्छ पाण्यात वाढतो. आमच्या इमारतीत महिनाभर गटारावर औषध मारून झालं, अळ्या मात्र निघाल्या तडा गेलेल्या झाकणाखाली.